वेगवान भिंगांची तुलना : लोककलांच्या नोंदीसाठी

लोकसाहित्याच्या क्षेत्रीय अभ्यासात छायाचित्र हा महत्त्वाचा पुरावा असतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो किंवा लातूर परिसरात एखाद्या अंगणात रात्री मांडलेला गोंधळ असो, नोंद बहुधा अपुऱ्या उजेडात घ्यावी लागते. फ्लॅश वापरल्यास दिवटीच्या प्रकाशाचे मूळ रूप हरवते. अशा वेळी ‘वेगवान’ भिंग उपयोगी पडते.

येथे ‘वेगवान’ हा शब्द वाच्यार्थाने घेऊ नये. भिंगाला गती नसते. ते अधिक प्रकाश आत घेते, म्हणून शटर थोडाच वेळ उघडे ठेवून भागते. लक्षणेचेच हे उदाहरण होय. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. ५० मिलिमीटर भिंगाचे छिद्र सुमारे ३६ मिलिमीटर असल्यास हा अंक १.४ येतो, १८ मिलिमीटर असल्यास २.८. अंक दुप्पट झाला की प्रकाश एकचतुर्थांश उरतो. म्हणजे २.८ वर १/३० सेकंद लागत असेल, तर १.४ वर १/१२० सेकंद पुरतो आणि संबळ वाजवणारा हात पुसट होत नाही.

मात्र एफ-अंक लहान म्हणून भिंग उत्तम, असे म्हणता येत नाही. छिद्र पूर्ण उघडल्यावर भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांशी नेमके एकाच बिंदूत मिळत नाहीत. त्यामुळे चित्राचा रेखीवपणा कमी होतो आणि कडेचे दिवे पंख फुटल्यासारखे पसरतात. पूर्ण उघड्या छिद्रावर कोपरेही काळवंडतात. छिद्र थोडे लहान केल्यास हे दोष बरेच कमी होतात. शिवाय मोठ्या छिद्रामुळे स्पष्टतेची खोली घटते; पुढचा गोंधळी स्पष्ट दिसतो, मागचा तुणतुणेवाला धूसर होतो.

म्हणून तुलना समान अटींवर करावी. कॅमेरा, अंतर, नाभीय अंतर व एफ-अंक तेच ठेवावेत. एक भिंग १.४ वर आणि दुसरे १.८ वर ठेवून निर्णय देऊ नये; दोन्ही आधी २ वर तपासावीत, मग प्रत्येकाचे छिद्र पूर्ण उघडून पाहावे. लातूरच्या गंजगोलाईतील रात्रीचे दिवे या चाचणीस पुरेसे आहेत. मध्य आणि कोपरे स्वतंत्रपणे पाहावेत.

अखेरीस नोंदीचा हेतू निर्णायक ठरतो. एकट्या कलावंताच्या चित्रात काळवंडलेला कोपरा खपतो; संपूर्ण संचाच्या नोंदीत मात्र तेथेच एखादे वाद्य हरवू शकते.

सरावासाठी : आपल्या गावातील एका रात्रीच्या विधीची नोंद घेताना कोणता एफ-अंक निवडाल? सकारण लिहा.