वुडवर्ड अव्हेन्यूवर संध्याकाळचे सहा

डेट्रॉइटच्या ऐन मध्यावर वाळू पसरलेली आहे. कॅम्पस मार्शियस नावाच्या चौकात ती दर उन्हाळ्यात मुद्दाम आणून टाकतात. जुलैतला गुरुवार आहे, दुपारचे चार वाजलेत. दोन मुली वाळूत पावलं खुपसून आइस्क्रीम खातायत. तीन-चार वर्षांचा एक मुलगा कागदी पेल्यानं खड्डा खणतोय आणि त्याची आई चपला हातात धरून कारंज्याकडं बघत उभी आहे. चौकभर हलक्या खुर्च्या मांडल्यात, त्यांना साखळ्या नाहीत. ज्याला सावली हवी तो खुर्ची उचलतो आणि झाडाखाली नेतो. ऊन सरकलं की खुर्च्याही सरकतात. बसायचं तर काही विकत घ्या, असं इथं कुणी सांगत नाही. मला या चौकातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

चौकाचं हे रूप २००४ सालचं. त्याआधी इथं रस्ते एकमेकांना छेदत होते आणि मध्ये उरलेल्या तुकड्यांवर थांबायला कुणाला काही कारण नव्हतं. जागा मात्र पहिल्यापासून मानाची. १८०५ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळून गेल्यावर न्यायाधीश ऑगस्टस वुडवर्ड यांनी नव्या शहराचा आराखडा काढला, त्याची मोजणी इथून धरतात. शहराच्या उत्तर हद्दीवरचा एट माइल रोड म्हणजे इथून आठ मैलांवरचा रस्ता. १९५० साली त्या हद्दीच्या आत साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार उरली. २०२३ च्या सरकारी अंदाजात आकडा किंचित वर सरकला, १९५७ नंतर पहिल्यांदाच, आणि त्या किंचित वाढीचा आनंद इथल्या माणसांशी बोलताना मला अजूनही ऐकू येतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा पेपर वाचतायत. बेसबॉलच्या टायगर्स संघाची टोपी, इस्त्रीचा शर्ट. पालिकेच्या बसवर पंचवीसेक वर्षं चालक होते. मी या चौकाबद्दल विचारते तसा ते पेपर घडी करून मांडीवर ठेवतात.

“नव्वदच्या सुमारास तुम्ही इथं संध्याकाळी चेंडू टाकला असता ना,” ते म्हणतात, “तर तो थेट नदीपर्यंत घरंगळत गेला असता. वाटेत कुणाच्या पायाला लागला नसता.”

मी आजूबाजूला पाहते. आता तो चेंडू दहा पावलंही जाणार नाही.

मग ते बोटानं समोरचा उंच मनोरा दाखवतात. त्या जागी हडसन्स होतं. आई नाताळच्या आधी हात घट्ट धरून खेळण्यांच्या मजल्यावर न्यायची, असं ते सांगतात. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या दुकानांत या दुकानाची गणना होती. वस्ती उपनगरांकडं गेली, गिऱ्हाईक तिकडच्या मॉलमध्ये गेलं, आणि १९८३ साली हडसन्सनं दार लावलं. रिकामी इमारत पंधरा वर्षं तशीच उभी राहिली. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरुंग लावून ती पाडली. “धुळीचा ढग मी बसमधून पाहिला,” आजोबा म्हणतात. पुढं जवळजवळ वीस वर्षं तिथं जमिनीखाली गाड्या उभ्या राहत आणि वर मोकळं आकाश. २०१७ च्या अखेरीस नव्या इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली.

“चांगलं झालं,” ते म्हणतात. “इमारती वाचल्या, दिवे लागले. पण बिल आम्हीही भरलंय.”

डेट्रॉइटनं जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं होतं. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची एवढी मोठी दिवाळखोरी त्याआधी झालेली नव्हती. त्या तडजोडीत यांच्यासारख्या निवृत्तांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं गेलं आणि महागाईप्रमाणं दरवर्षी मिळणारी वाढ बंद झाली. तोच काळ उद्योजक डॅन गिल्बर्ट यांचा. २०१० साली त्यांनी आपली गृहकर्ज कंपनी उपनगरातून डाउनटाउनमध्ये हलवली आणि मग रिकाम्या इमारती एकामागून एक विकत घेतल्या. हडसन्सच्या जागेवरचा मनोराही त्यांच्याच कंपनीनं बांधला. २०२२ साली शहर परिषदेनं त्याला सुमारे ६ कोटी डॉलरची करसवलत दिली. त्यावर गावात बरीच भांडणं झाली आणि ती व्हायलाच हवी होती. माणूस पैसे घालतो म्हणून त्याला हिशेब विचारू नये, असं थोडंच आहे?

मी उठते. वुडवर्ड अव्हेन्यूनं उत्तरेकडं जाताना नव्या मनोऱ्याखालच्या फुटपाथवर माणसं दोन दिशांनी चाललीत. गळ्यात ओळखपत्रं घातलेली मंडळी पार्किंगकडं निघालीत, आणि उलट्या बाजूनं बाबागाड्या, सायकली, बेसबॉलच्या सामन्याला निघालेले बापलेक येतायत. करोनानंतर अमेरिकेतल्या शहरांची खरी परीक्षा या दुसऱ्या प्रवाहात आहे, असं मला ठामपणे वाटतं. २०२० मध्ये माणसं घरून काम करायला लागली आणि जी डाउनटाउनं फक्त नोकरीवर उभी होती ती एका वसंतात ओस पडली. सॅन फ्रान्सिस्कोसारखं श्रीमंत शहर त्यातून सगळ्यात हळू सावरलेल्यांपैकी एक ठरलं, कारण तिथल्या मधल्या भागात टेक कंपन्यांची कार्यालयंच जास्त होती. न्यूयॉर्कमध्ये २५, वॉटर स्ट्रीट या एका कार्यालयीन इमारतीत तेराशे घरं काढली. पण प्रत्येक इमारतीत घर निघत नाही. १९७० नंतरच्या मनोऱ्यांचे मजले इतके खोल असतात, की खिडकीपासून मधल्या भागापर्यंत उजेडच पोचत नाही. झोपायची खोली तिथं करणार कशी? १९२० च्या दशकातल्या इमारती अरुंद असतात, त्यांना मध्ये उजेडाचे चौक सोडलेले असतात. डेट्रॉइट त्यानंतर इतकं गरीब झालं, की जुनं पाडून नवं बांधायला फारसं कुणी आलं नाही. त्याच्या वाट्याला आलेलं दारिद्र्य आज त्याच्या कामाला येतंय.

त्याचा पुरावा वॉशिंग्टन बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावर उभा आहे. बुक टॉवर १९२६ सालचा, ३८ मजल्यांचा. २००९ साली शेवटचा भाडेकरू गेला, तेव्हापासून पाणी, थंडी आणि भुरटे चोर यांनी तो पोखरला. २०१५ मध्ये विक्री झाली, तीस कोटी डॉलरच्या वर खर्च झाला आणि २०२३ साली दारं उघडली. वर घरं आहेत, काही मजल्यांवर हॉटेल आहे. आत शिरल्यावर मी मान वर करते ती खाली घ्यायचंच विसरते. डोक्यावर रंगीत काचांचा घुमट आहे. कित्येक दशकं तो झाकलेला होता, कारागिरांनी एकेक काच उतरवून, धुऊन, पुन्हा बसवली. खाली एक बाई लॅपटॉपवर काम करतेय, दोन विद्यार्थी वर बोट दाखवून वाद घालतायत. दारवान सगळ्यांना सारखंच ‘या’ म्हणतो. मी काही घेतलेलं नाही, तरी मला कुणी हटकत नाही.

चार पावलांवर कॅपिटल पार्क आहे. झाडं, बाकं, कुत्री फिरवणारी तरुण जोडपी. समोर ग्रिसवोल्ड स्ट्रीटवरची १२१४ क्रमांकाची इमारत. इथं सरकारी भाडेमदतीवर वयस्क माणसं राहत होती. २०१३ साली त्यांना घरं सोडायची नोटीस मिळाली, पुढच्या वर्षापर्यंत सगळे गेले आणि नव्या नावानं, नव्या भाड्यानं इमारत पुन्हा उघडली. डाउनटाउन ओस पडलं होतं तेव्हा ज्यांनी त्यात दिवा लावून ठेवला, त्यांनाच तेजी आल्यावर पहिल्यांदा उठवलं, याचा मला राग येतो. २०१७ मध्ये शहरानं नियम केला, की सार्वजनिक मदत घेऊन बांधलेल्या मोठ्या निवासी प्रकल्पांत २० टक्के घरं कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडणारी हवीत. नियम चांगला आहे. या इमारतीतल्या आजीआजोबांना तो उशिरा पडला.

ग्रँड सर्कसच्या स्थानकावरून मी पीपल मूव्हर पकडते. इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाणारी ही विनाचालक गाडी १९८७ पासून २.९ मैलांच्या वर्तुळात फिरतेय. २०२४ मध्ये तिकीट माफ झालं. ग्रीकटाउनला मी उतरते आणि दोन-तीन गल्ल्या पूर्वेला जाते. एकाएकी जमीन संपते. खाली खोल खणलेला महामार्ग आहे, आय-३७५. जेमतेम मैलभर लांब. त्याच्या जागी हेस्टिंग्ज स्ट्रीट होती, कृष्णवर्णीयांची दुकानं होती, जॅझचे अड्डे होते, शेजारी ब्लॅक बॉटमची वस्ती होती. ‘शहर सुधारणे’च्या नावाखाली ती उठवली आणि १९६४ साली हा रस्ता उघडला. आता तोच बुजवून साध्या उंचीचा रस्ता करायचा बेत वर्षानुवर्षं चाललाय. कठड्याला हात टेकून मी खालच्या गाड्या बघते. उपनगरातून आलेला माणूस या खाईतून येतो, थेट पार्किंगमध्ये शिरतो आणि संध्याकाळी तसाच जातो. शहराशी त्याची गाठच पडत नाही.

माझा मावसभाऊ असाच वीस वर्षं आला. पुण्याहून मोटारींच्या कारखान्यातून इकडं आलेल्या कितीतरी मराठी इंजिनियरांसारखा तोही नोव्हीला राहतो, इथून पंचेचाळीस किलोमीटरवर. मंडळाचा गणपती, मुलांची मराठी शाळा, वाणसामान, सगळं उपनगरातच. तो मला रेनेसान्स सेंटरच्या दाराशी भेटतो.

“ताई, खरं सांगू? या बिल्डिंगीत मी शेकड्यानं मीटिंगा केल्या. पण समोरचा रस्ता आज पहिल्यांदा पायी ओलांडला.”

त्याचा दोष नाही, इमारतच तशी बांधलीय. शहरात १९६७ चा वांशिक उद्रेक होऊन दहा वर्षं झाली होती. हेन्री फोर्ड दुसरे यांच्या पुढाकारानं १९७७ साली हे काचेचे मनोरे उभे राहिले, मधलं हॉटेल ७३ मजल्यांचं. वास्तुकार जॉन पोर्टमन. शहराला पुन्हा उभं करायचं म्हणून नावही पुनरुज्जीवनाचं दिलं. पण जेफरसन अव्हेन्यूच्या बाजूला काँक्रीटचे उंच बांध घातले, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आत शिरायचं दारच दिसेना. बांध नंतर जनरल मोटर्सनं काढले. त्याच कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं, की मुख्यालय इथून हलवून हडसन्सच्या जागेवरच्या मनोऱ्यात नेणार. आता इथले दोन मनोरे पाडून नदीकडं वाट मोकळी करायची योजना मांडली गेलीय, खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलर. आत आम्ही दोघं गोल गोल फिरतो, दोनदा त्याच फिरत्या जिन्यापाशी येतो. बाहेर नदीकाठी मात्र सायकली चालल्यात, मुलं कारंज्यात भिजतायत, कठड्यावर गळ टाकून माणसं बसलीत. पलीकडं कॅनडातलं विंडसर दिसतंय. भाऊ बूट काढून गवतावर बसतो आणि बराच वेळ उठायला तयार नसतो.

सहा वाजतात. आम्ही पीपल मूव्हरनं रोझा पार्क्स ट्रान्झिट सेंटरपाशी येतो. पांढऱ्या तंबूंसारख्या छपराखाली बस लागतात. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या रोझा पार्क्स मॉन्टगोमेरी सोडल्यावर १९५७ मध्ये डेट्रॉइटला आल्या आणि २००५ मध्ये इथंच वारल्या. फलाटावर गर्दी आहे, आणि ती निघालेल्यांइतकीच आलेल्यांची आहे. निळा गणवेश घातलेली एक बाई बसमधून उतरून बाकावर बूट बदलतेय. ती एका नव्या इमारतीत रात्रीची सफाई करते.

“मला सगळे म्हणतात, डाउनटाउन सहाला बंद व्हायचं,” ती नाडी बांधता बांधता म्हणते. “माझं तेव्हाच सुरू होतं.” रविवारी ती मुलीला वाळूत खेळायला आणते. इथं एक खोली मिळते का म्हणून तिनं विचारलं होतं. भाडं ऐकून फोन ठेवला. घर शहराच्या पूर्व टोकाला, मध्ये एक बस बदलावी लागते, पहाटे परत जाताना एक चुकली की दुसरीसाठी ताटकळायचं.

उपनगरं आणि शहर मिळून एकच वाहतूक व्यवस्था करायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात थोडक्यात पडला. नोव्हीसारखी गावं तर बससेवेतून वर्षानुवर्षं बाहेरच राहिली होती. २०२२ च्या मतदानानंतर ही सेवा काउंटीभर पसरायला लागली.

“बाविसला मी हो म्हटलं होतं,” भाऊ सांगतो.

“आणि सोळाला?”

“सोळाला गेलोच नव्हतो मत द्यायला.”

ती त्याच्याकडं बघते. रागानं नाही. “पुढच्या वेळी जा,” म्हणते, जुने बूट पिशवीत टाकते आणि ओळखपत्र गळ्यात अडकवते. “मला साडेसहाला सोळाव्या मजल्यावर पोचायचंय.” मिशिगन अव्हेन्यूचा सिग्नल तिला मिळतो.

भाऊ खिशातून चष्मा काढतो आणि वेळापत्रकाच्या फलकापाशी जाऊन नोव्हीकडं कुठली बस जाते का ते शोधायला लागतो.