पावसाने आखलेली परसबाग

बागकामाचा जो सल्ला सगळीकडे ऐकू येतो, त्याचा गाभा पाणी कसे आणि किती द्यावे हा असतो. वर्षाला जेमतेम 700 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पुण्यासारख्या गावी तो योग्यच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या पट्ट्यातल्या घरामागच्या बागेला परडे म्हणा, आगर म्हणा, गोव्याकडे जाऊन कुळागर म्हणा, तिचा मूळ प्रश्न पाणी आणण्याचा नाही. अंगावर येणाऱ्या पाण्याचा वेग मोडायचा, त्याला वाट द्यायची आणि जाता जाता त्याच्याकडून काही पिकवून घ्यायचे, हा आहे. मार्च महिन्यात पाहिली तर ही बाग गबाळी वाटते. नारळाखाली केळ, केळीखाली हळद, मधेच सुरणाचा खड्डा, कशाला काही ओळ नाही. तीच बाग आषाढात, झड लागलेली असताना, पाण्यामागून चालत पाहिली की तिची आखणी कळते. परसबागेचा खरा हंगाम पावसाळा आहे आणि तिची रचना पावसानेच ठरवलेली आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हिशेब पाहू. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हंगामात तीन लाख लिटर पाणी. दहा गुंठ्यांच्या जागेवर तेच पाणी तीस लाख लिटरच्या घरात जाते. दहा हजार लिटरचे तीनशे टँकर. हे पाणी ज्या जमिनीवर पडते ती जांभ्याची. फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये या दगडाचे शास्त्रीय वर्णन केले ते मलबारातल्या पाहणीवरून, पण कोकणचा सडा त्याच जातीचा आहे. ही माती सच्छिद्र आणि आम्लधर्मी. तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात आणि नत्र व पालाश पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातात. म्हणून मिरग लागताच पोतेभर खत आळ्यात ओतणे म्हणजे ते वहाळाला वाहणे. इथे सुपीकता पोत्यातून येत नाही. खोल मुळांच्या झाडांनी खालून ओढून आणलेले अन्न पानगळीने वर पडते आणि ते वाहून जाऊ नये म्हणून जमीन सतत झाकलेली ठेवावी लागते.

पाण्याची पहिली गाठ पागोळ्यांखाली पडते. छपराच्या कडेने एकाच रेषेत पडणारे पाणी चार दिवसांत चर खोदते, म्हणून तिथे चिरे किंवा गोटे मांडलेले असतात. पुढे चर निघतो तो सरळ उताराने नाही, आडव्या अंगाने. न्हाणीचे सांडपाणीही त्याच बाजूला सोडलेले असते, आणि जिथे पाणी हटकून साचते तिथे अळू आणि केळ. अळूला पाय बुडालेले चालतात, केळीला ओल हवी असते. त्याच बागेत हळद आणि आले मात्र उंच गादीवाफ्यावर, कारण त्यांचे कंद दोन दिवस पाण्यात राहिले की कुजतात. सुरण पावसाआधीच, उन्हाळ्याच्या शेवटी, मोकळ्या निचऱ्याच्या खड्ड्यात घातलेला असतो. कणगर, कोनफळ आणि करांद्याचे वेल कुंपणाच्या किंवा झाडाच्या आधाराने चढवलेले. कोणते पीक कुठे हे फुटपट्टीने ठरलेले नाही. पाऊण हात उंचीच्या फरकाने जमीन किती वेळ ओली राहते, यावरून ते ठरले आहे. टोमॅटो किंवा कोबी या काळात इथे लावून हात पोळून घेणारे पुष्कळ असतात. ढगाळ उजेडात आणि सततच्या ओलीत ती पिके टिकत नाहीत. पालेभाज्या, कंद आणि वेल हाच पावसाळी बागेचा स्वाभाविक संसार.

वेलांचा मांडव हा या बागेतला सर्वांत बुद्धिमान भाग आहे. जमिनीवर पसरलेला वेल शिंतोड्यांनी मातकट होतो आणि त्याची फळे कुजतात; मांडवावर चढवला की वारा खालून खेळतो आणि फळ लोंबते. पडवळाच्या टोकाला दगड बांधायची रीत त्यामुळेच शक्य होते. पण खरी गंमत फुलांच्या वेळांत आहे. भोपळ्याची आणि काकडीची फुले सकाळी उमलतात आणि भोपळ्याचे फूल दुपारपर्यंत मिटतेही. दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उघडते. पडवळाचे झालरदार पांढरे फूल रात्री, पतंगांसाठी. भर पावसात मधमाशी उडत नाही, म्हणजे सकाळभर झड असली तर त्या दिवशीची काकडी गेली. पण संध्याकाळी तासभर उघडीप मिळाली तर दोडका साधतो. एकाच मांडवावर तीन-चार प्रकारचे वेल चढवण्यामागे ही तजवीज आहे. कोणी ती मुद्दाम आखली असेल किंवा अनुभवाने रुळली असेल, परिणाम एकच: पावसाला सगळी फुले एकदम बुडवता येत नाहीत.

आता वरचा मजला. उंच झाडे असली की माती वाचते असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. पानांवर साठलेले पाणी एकत्र होऊन मोठ्या थेंबांनी खाली येते, आणि माड-पोफळीच्या उंचीवरून पडताना त्या थेंबांना पुन्हा जवळजवळ पुरता वेग मिळतो. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने आपटतो. खाली नुसती साफ झाडलेली जमीन असेल तर माडाची सावली असूनही माती उडते. माती वाचवतात ती केळीची रुंद पाने, हळदीचे दाट पाते, अननस, आणि सर्वांत खाली पाचोळा. म्हणून बाग स्वच्छ करण्याच्या उत्साहात जुलैमध्ये तण मुळासकट उपटून काढणे हे नुकसानच आहे. कापून तिथेच टाकले की तेच आच्छादन होते. एवढी दाटी केल्यावर माड उपाशी राहील अशी शंका घेतली जाते. माडाची बहुतेक मुळे खोडाभोवती दोन मीटरच्या आत असतात. साडेसात मीटर अंतरावर लावलेल्या बागेत त्यामुळे माडाच्या वाट्याला जमिनीचा जेमतेम पाव भाग येतो. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने जायफळ, दालचिनी आणि मिरी नारळात घेण्याची जी ‘लाखीबाग’ पद्धत पुढे आणली, तिने याच मोकळ्या जागेचा उपयोग केला आहे. मिरीला तर पाऊस लागतोच. तिचा मोहर पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो आणि फुलोऱ्यात मोठा खंड पडला की घोस विरळ राहतात.

दाटीवरचा गंभीर आक्षेप रोगाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पोफळीच्या कोळेरोगाची बुरशी कोंदट ओलीतच फोफावते. म्हैसूर संस्थानातल्या लेस्ली कोलमन यांनी 1910 मध्ये या रोगावर सविस्तर लिहिले, आणि मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी पाऊस सुरू होण्याआधी आणि नंतर पुन्हा एकदा, हा उपाय आजही तोच आहे. पण रोग दाट बागेत येतो म्हणजे सगळ्या थरांची दाटी वाईट असे नव्हे. वरचा थर विरळ हवा, पांगाऱ्यासारख्या आधाराच्या झाडांच्या फांद्या पावसाच्या तोंडाशी छाटायला हव्यात. खालचा थर दाटच बरा.

दुसरा आक्षेप घरातल्या बायकांकडून आणि वृद्धांकडून येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. चिखल, शेवाळावरून घसरण्याची भीती, साप, डास. यातूनच अंगणात सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक येतात. जोत्यालगत हातभर रुंदीची मोकळी, कोरडी पट्टी आणि चालायची चिऱ्यांची वाट ही रास्त गरज आहे, ती मान्य करावी. डेंग्यूचा डास मात्र ओल्या मातीत वाढत नाही. करवंटी, डबा, टायर, कुंडीखालची ताटली यांत साठलेल्या पाण्यात तो आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो, आणि अशी भांडी फरसबंद अंगणातही असतातच. सगळे अंगण झाकल्याचा मोठा तोटा वेगळा आहे. जे पाणी बागेत मुरून विहिरीला जायचे ते गेटातून रस्त्यावर धावते. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावांत मे महिन्यात टँकर येतात, त्याला जांभ्याची सच्छिद्रता कारण आहेच. पण उरलेसुरले मुरणेही आपण बंद करावे हे मला समजत नाही. गडगाही तसाच. जांभ्याच्या सुक्या चिऱ्यांचा गडगा पाणी अडवत नाही, गाळून सोडतो. त्याच्या खबदाडीत नेचे वाढतात आणि नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायचे कारीटही बहुधा त्याच्याच आसऱ्याने वाढलेले असते. त्या जागी उभी राहणारी सलग काँक्रीटची भिंत मागे पाण्याचा तलाव करते आणि एखाद्या रात्री कोसळते.

भाजी बाजारात मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? कोकणच्या बाजारातली बरीच भाजी कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येते, आणि दरड कोसळून घाट बंद पडतो तो पावसाळ्यातच. ऋषिपंचमीची भाजी या संदर्भात नीट पाहण्यासारखी आहे. बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हा त्या दिवसाचा नेम. मग ताटात काय येते? अळू, सुरण, भेंडी, माठ, शिराळी, भोपळा, काकडी: भाद्रपदातल्या परसबागेची पूर्ण यादी. नांगराशिवाय, नुसत्या कुदळीने एक कुटुंब पावसात काय पिकवू शकते, याचा याहून चांगला पुरावा नाही. निसर्ग वादळाने 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी झोपवल्या. नवी पोफळ धरायला अनेक वर्षे लागतात. अळू, माठ आणि भेंडी त्याच पावसाळ्यात हाताशी येऊ शकतात. बागेचा खालचा थर म्हणूनच दुय्यम मानू नये. माकडे आणि रानडुकरे यांच्यापुढे मात्र ही सगळी आखणी तोकडी पडते. एकट्या घराने त्यावर उपाय करणे शक्य नाही, आणि या उपद्रवाने बाग सोडणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

जे हातात आहे ते बियाणे. पूर्वी तवशाचे, दोडक्याचे चांगले फळ वेलीवर पिकू देत, बी राखेत घोळून चुलीवर टांगत; धुराने ते पुढच्या मिरगापर्यंत कोरडे राही. चूल गेली तसे हे बियाणेही गेले आणि पाकीट आले. संकरित पाकिटातल्या बियांची पुढची पिढी तशीच निघत नाही, त्यामुळे दर वर्षी पाकीटच घ्यावे लागते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि तळाशी कोरडी राख एवढ्यावर चुलीची उणीव भागते. काकडी-भोपळ्याला एक काळजी जास्त घ्यावी लागते, कारण शेजारच्या संकरित वेलाचे परागकण मधमाशी आणून टाकते. त्यासाठी उमलायच्या आदल्या संध्याकाळी नर आणि मादी कळ्या दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी सोडून हाताने पराग लावावा आणि मादी फूल पुन्हा बांधून त्या देठाला खुणेची चिंधी अडकवावी.