बीजगणिताच्या पोथ्यांतील ऋणबिंदु

बीजगणिताच्या जुन्या पोथ्यांत कांहीं अंकांच्या माथ्यावर बारीक बिंदु आढळतो. तो अनुस्वार नव्हे, शाईचा डागही नव्हे. तें ऋणाचें चिन्ह होय. भास्कराचार्यांनीं (शके १०७२) हीच पद्धति सांगितली आहे.

दोन धनांची वा दोन ऋणांची बेरीज करावी. एक धन व दुसरें ऋण असल्यास त्यांचें अंतर हाच योग. मोठ्या राशीचें चिन्ह त्यास द्यावें. आठ ऋण व पांच धन मिळून तीन ऋण. वजाबाकींत वजा करावयाच्या राशीचें चिन्ह पालटून मग योग करावा. पांच धनांतून आठ ऋण वजा करितां तेरा धन येतें. कर्ज फिटलें म्हणजे तितकी मत्ता वाढलीच. परंतु नकलेंत आठांवरील बिंदु गळाला, तर तेंच उत्तर तीन ऋण होतें!

राणीसावरगाव ज्या परभणी जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील पाथरी (प्राचीन पार्थपुर) येथील सूर्यदैवज्ञानें शके १४६० मध्यें बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ टीका रचिली. मूळ ग्रंथाच्या वा टीकेच्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं उतारा घेतांना बिंदु जपावे. संशय आल्यास उदाहरण सोडवून पाहावें. उत्तरच बिंदूची साक्ष देतें.