पाटे वाढविले, पण ब्रेकचे काय?

वाशीच्या बाजार समितीत माल उतरवून परत निघालेल्या पिकअप गाड्या बारकाईने पाहिल्या, तर काहींची मागची बाजू नेहमीपेक्षा उंचावलेली दिसते. मूळ संचात एक-दोन जादा पाटे घातल्याची ती खूण असते. भरलेली गाडी मागे बसू नये, एवढाच त्यामागचा हेतू. गाडी बसत नाही, हे खरेच. मात्र तेवढ्याने ती अधिक वजन पेलण्यास समर्थ झाली, हा समज घातक आहे.

पाटा म्हणजे बाक दिलेली पोलादी पट्टी. एकाखाली एक आखूड होत गेलेल्या अशा पट्ट्या सेंटर बोल्टने जखडून यू-बोल्टने ॲक्सलला बांधलेल्या असतात. पाट्यांची संख्या वाढली की त्या प्रमाणात ताठरपणा वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या पटीत होतो. आठ मिलिमीटरऐवजी नऊ मिलिमीटरचा पाटा वापरला, तर त्याचा ताठरपणा सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे 'थोडा जाड पाटा टाकू' हे बोलणे वाटते तितके साधे नसते. त्यापेक्षा हेल्पर पाटा बरा. भार वाढल्यावरच तो टेकतो, त्यामुळे रिकामी गाडी फारशी उडत नाही.

खरी मेख ब्रेकमध्ये आहे. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर भार कमी असतो. तेथे जोराचा ब्रेक लागला, तर चाके जाम होऊन गाडीची मागची बाजू घसरते. म्हणून अनेक पिकअप गाड्यांच्या चासीला एक झडप असते आणि ती दांड्याने मागच्या ॲक्सलशी जोडलेली असते. माल भरला, गाडी खाली बसली, की ही झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. परंतु तिला वजन कळत नाही; चासी आणि ॲक्सल यांतील अंतर तेवढे कळते. पाटे वाढविल्यावर भरलेली गाडीही उंचच राहते आणि झडप तिला रिकामी समजते. मग कसारा घाट उतरताना मागचे ब्रेक रिकाम्या गाडीइतकाच जोर लावतात आणि बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर पडतो. ते तापले की त्यांची पकड कमी होते. पाटे बदलल्यावर या झडपेची जुळणी उत्पादकाच्या सूचनेनुसार पुन्हा तपासून घेणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

टायरची गोष्टही तशीच. त्यावर कोरलेला भारांक १०० असेल, तर योग्य हवा असताना ते टायर ८०० किलोपर्यंतच भार घेते, वर पाटे कितीही असोत. ॲक्सल, बेअरिंग व चासी यांच्या मर्यादाही पाट्यांमुळे बदलत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीनेही एका किलोची सवलत मिळत नाही. नोंदणीपत्रातील एकूण वजनात गाडी, माल आणि माणसे सारे धरलेले असते. ते ओलांडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कलम ५२ मनाई करते.

मग पाट्यांना हात लावूच नये काय? तसे नाही. जुने पाटे बसले असतील किंवा लोखंडी हौद व अवजारांची पेटी यांचे कायमचे वजन वाढूनही गाडी मर्यादेत असेल, तर उत्पादकाने मान्य केलेला संच दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवावा. शॉकॲब्सॉर्बर त्याला साजेसे हवेत, अन्यथा खड्ड्यानंतर गाडी उसळत राहते. दिव्यांचा झोतही तपासावा. आणि काहीशे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. गॅरेजमधून गाडी बाहेर पडली की नेमके हेच काम राहून जाते.