कपाशीच्या बोंडातील उत्क्रांती

उत्क्रांती म्हणजे लक्षावधी वर्षांपूर्वी घडून गेलेली आणि आता केवळ जीवाश्मांवरून अनुमानण्याची गोष्ट होय, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. परंतु चार्ल्स डार्विनने १८५९ साली ग्रंथरूपाने मांडलेले नैसर्गिक निवडीचे तत्त्व जालना जिल्ह्यातील कापूस उत्पादकांनी गेल्या दोन दशकांत आपल्याच शिवारात, आपल्याच नुकसानीच्या रूपाने, प्रत्यक्ष अनुभवले आहे.

या तत्त्वाचे मर्म थोडक्यात सांगता येते. एकाच जातीच्या जीवांत जन्मतः भेद असतात. त्यांतील काही भेद आनुवंशिक असतात. आणि परिस्थिती बिकट झाली की, ज्यांचा भेद त्या परिस्थितीत उपयोगी पडतो, तेच अधिक संख्येने जगून आपली संतती मागे ठेवतात. पिढ्यान् पिढ्या हेच घडत राहिले म्हणजे सबंध समूहाचे स्वरूप पालटते. यात कोणाचा हेतू नसतो आणि प्रयत्नही नसतो.

बियाण्यांच्या धंद्यासाठी ख्यातनाम असलेल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्याच बीटी कपाशीच्या वाणांना २००२ साली केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस (बीटी) या मातीतील जिवाणूच्या जनुकामुळे या झाडात एक प्रथिन तयार होते. ते बोंडअळीच्या पोटात गेले की आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट ग्राहकांना चिकटते, अस्तराला छिद्रे पडतात व अळी मरते. २००६ साली दोन जनुकांचे वाणही आले.

परंतु असंख्य अळ्यांत एखादी अशी असते की, जिच्या आतड्यातील ग्राहकाची घडण जन्मतःच निराळी असल्यामुळे विष त्याला चिकटत नाही. पूर्वी या वेगळेपणाचा तिला काहीच लाभ नव्हता. चहूकडे बीटीच पेरली गेल्यावर मात्र भोवतालच्या अळ्या मेल्या, ती वाचली, आणि पतंग झाल्यावर तिच्यासारख्याच वाचलेल्यांशी संयोग होऊन पुढची पिढी वारशानेच प्रतिकारक्षम निपजली. २०१० च्या सुमारास गुजरातेतील प्रतिकार उघडकीस आला, पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजविला. पाकळ्या चिकटून न उमललेली डोमकळी, वरून निर्दोष दिसणारे हिरवे बोंड, आणि ते फोडताच सरकीत शिरलेली अळी व डागाळलेली कवडी रुई, हे दृश्य घरोघरी परिचयाचे झाले. अळीला विषाची सवय झाली, असे बांधावर सर्रास बोलले जाते. वस्तुतः एकाही अळीला सवय झाली नाही. ज्यांना विष बाधत होते त्या मेल्या. ज्यांना बाधत नव्हते त्यांचा वंश वाढला.

हे जाणले म्हणजे उपायही उमगतो. बीटीच्या शेताभोवती बिगर-बीटीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के पेरा, असा दंडक घालून दिलेला होता. या आश्रयपट्ट्यात जगलेले, विषाला बळी पडणारे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संयोग करतात, त्यामुळे संततीत प्रतिकाराचे जनुक प्रच्छन्न राहते व ती अळी पुन्हा विषाने मरते. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभऱ्यावर असा आश्रय आपोआप मिळतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ सर्वस्वी कपाशीवरच जगते. उत्पन्न बुडेल या भीतीने बहुतेकांनी त्या ओळी पेरल्या नाहीत, आणि डिसेंबरनंतर फरदड राखून, म्हणजे जुनेच पीक शेतात ठेवून, अळीच्या खाद्याची तजवीज मात्र केली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात हा नियम कसोशीने पाळला गेला, पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीमही झाली, आणि २०१८ साली तेथील कापूस उत्पादक इलाख्यातून या अळीचे उच्चाटन झाल्याची अधिकृत घोषणा झाली.

निसर्गाचा हा नियम कोणत्याही नव्या वाणालाही लागू राहील. म्हणून शेतकरी बंधूंनी वेचणी आटोपताच पऱ्हाट्या उपटून त्यांचा नायनाट करावा, फरदडीचा मोह टाळावा, आणि संपूर्ण गावाने हे एकाच वेळी करावे; कारण एकाच्या बांधावर वाचलेला पतंग शेजाऱ्याच्या पिकावरच उतरतो.