घोणस, खाजकुइली आणि थ्रॉम्बिनचा रिसेप्टर

हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा वाळतात, वारा सुटला की त्यांच्यावरची तांबूस कुसळे उडतात आणि जावळी-पाटणच्या डोंगरात गुरांमागे गेलेला माणूस अंग ओरबाडून हैराण होतो. राख किंवा शेण चोळण्याचा उपाय तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा. अ‍ॅलर्जीची गोळी मात्र इथे फारशी चालत नाही, कारण ही खाज हिस्टामिनची नव्हे. कुसळात म्युक्युनेन नावाचा, प्रथिने कापणारा एन्झाइम असतो. २००८ मध्ये एथन लर्नर आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हा एन्झाइम पेशींवरचे दोन रिसेप्टर कापून जागे करतो. त्यांची नावे पार-२ आणि पार-४. यांतल्या पार-४ ला आपल्या शरीरात जागे करतो तो थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारा मुख्य एन्झाइम.

खाज आणि रक्ताची गुठळी यांचा संबंध कुणाला सहजी सुचणार नाही. म्हणूनच सातारा-सांगलीच्या वाचकापुढे हा विषय मांडावासा वाटला. या दोन जिल्ह्यांत डोंगरात खाजकुइली आहे आणि नदीकाठच्या उसात घोणस. दोघींचे काम रेणूंच्या पातळीवर पाहिले, तर वाट एकाच घराण्याच्या रिसेप्टरांकडे जाते.

शाळेत आपण शिकतो की, थ्रॉम्बिन हा फायब्रिनोजेनचे फायब्रिन करतो, त्याचे जाळे विणले जाते आणि जखम बंद होते. हे खरेच आहे, पण अर्धे. थ्रॉम्बिनमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी आकसून त्यांच्यामध्ये फटी पडतात, सूज येते. एखादा एन्झाइम पेशीला निरोप कसा देतो, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. हार्मोन रिसेप्टरला चिकटतात, काम झाले की सुटतात. एन्झाइमचे काम तर कापण्याचे.

१९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शॉन कॉफलिन यांच्या गटाने उत्तर शोधले. मानवी पेशींतला आरएनए त्यांनी आफ्रिकन बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि कोणते अंडे थ्रॉम्बिनला प्रतिसाद देते ते पाहत पाहत एक जनुक वेगळे केले. त्यातून सापडलेले प्रथिन ४२५ अमिनो आम्लांचे, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाणारे. आज त्याला पार-१ म्हणतात. खरी गंमत त्याच्या बाहेर लोंबणाऱ्या टोकात आहे. थ्रॉम्बिन ते टोक ४१ व्या आणि ४२ व्या अमिनो आम्लांच्या मध्ये कापतो. त्यामुळे जे नवे टोक उघडे पडते, तेच मागे वळून त्याच रिसेप्टरच्या खोबणीत बसते आणि पेशी जागी होते. कुलपाची किल्ली कुलपालाच कापडात शिवून बांधलेली असावी आणि पाहुण्याने फक्त टाका उसवावा, असा हा प्रकार. नव्या टोकाची पहिली सहा अमिनो आम्ले प्रयोगशाळेत बनवून प्लेटलेटवर टाकली, तर थ्रॉम्बिनचा थेंबही नसताना त्या चिकटतात. कल्पना बरोबर असल्याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता!

थ्रॉम्बिनला धरून ठेवण्यासाठी पार-१ वर आणखी एक पट्टी असते. तिची रचना हिरुडिनशी मिळतीजुळती आहे. हिरुडिन म्हणजे औषधी जळूच्या लाळेतले, थ्रॉम्बिनला निकामी करणारे प्रथिन. जळूने आणि आपल्या पेशींनी एकाच एन्झाइमला पकडण्याची जवळजवळ सारखीच युक्ती वेगवेगळ्या कामांसाठी वापरली आहे. कोयनेच्या जंगलात पावसाळ्यात पायाची जळू सोडवल्यावरही रक्त वाहत राहते, त्यामागेही लाळेतली अशीच रक्त पातळ ठेवणारी द्रव्ये असतात.

पुढे १९९४ मध्ये पार-२ सापडला, १९९७ मध्ये पार-३ आणि १९९८ मध्ये पार-४. माणसाच्या प्लेटलेटवर पार-१ आणि पार-४ असतात. पहिला थोड्याशा थ्रॉम्बिननेही जागा होतो, चौथ्याला जास्त लागतो, पण त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो. उंदराच्या प्लेटलेटवर पार-१ नसतोच. त्यामुळे उंदरावर तपासलेले औषध माणसाला तसेच लागू पडेल, ही आशा इथे फसवी ठरते. पार-२ ला थ्रॉम्बिनचे वावडे. तो जागा होतो ट्रिप्सिनने, ट्रिप्टेजने आणि रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या सातव्या व दहाव्या घटकाने. एकदा कापलेला पार पुन्हा जोडता येत नाही. पेशी त्याला आत ओढून नष्ट करते आणि नवा पुढे आणते.

आता घोणशीकडे. शिराळ्याची नागपंचमी जगभर गाजली. न्यायालयाच्या बंदीनंतर तिथले जिवंत नागांचे खेळ थांबले, तरी शिराळा म्हटले की नागच आठवतो. नागाचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालते. पण कृष्णा-वारणेच्या काठी रात्रीची लाईट असते म्हणून अंधारात उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाला घोणस तितकीच भिववते. तिच्या विषातला एक एन्झाइम रक्तातल्या दहाव्या घटकाला नेमक्या जागी कापून जागा करतो, दुसरा पाचव्याला. मग थ्रॉम्बिनचा पूर येतो, फायब्रिनोजेन संपून जाते आणि उरलेले रक्त गोठतच नाही. दगडी माळावरच्या फुरशाचे विष तर थेट प्रोथ्रॉम्बिनवर घाव घालते.

म्हणूनच ग्रामीण रुग्णालयातली वीस मिनिटांची चाचणी मला फार मोलाची वाटते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त पातळच असेल, तर घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका बळावते आणि प्रतिविष सुरू करावे लागते. नळी प्लॅस्टिकची नको, साबणाने धुतलेलीही नको, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. दंशाच्या जागी ब्लेडने चिरणे किती घातक, तेही यावरूनच कळते. ज्याचे रक्त गोठत नाही, त्याला आपणच नवी जखम करायची! भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या कृती आराखड्याचे लक्ष्य २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे आहे.

औषधांच्या बाजूने पाहिले, तर पार-१ ला अडवणारे व्होरापॅक्सर २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याचा आराखडा ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या सालीतल्या हिंबॅसिन या द्रव्यावरून घेतलेला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना त्याने नवे झटके कमी होतात, पण रक्तस्राव वाढतो, आणि ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला आहे त्यांना ते देता येत नाही. वापर मर्यादितच राहिला. आता अनेकांचे लक्ष पार-४ वर आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिन हे रिसेप्टर अडवणारे औषध वापरून दाखवले, तेव्हा रिसेप्टरच्या पुस्तकी ज्ञानाने कोकणातल्या मुलांचे जीव वाचले. त्यांच्या कामाकडे पाहून मला असे वाटते की, घोणसदंशाचा अभ्यासही इथेच, मिरज आणि कराडच्या रुग्णालयांत व्हावा. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांचे रुग्णालय सुरू झालेल्या मिरजेला दूरदूरच्या रुग्णांची सवय आहे. घोणसदंशात प्रतिविष देऊनही काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरत राहतो, मूत्रपिंडे बंद पडतात. थ्रॉम्बिनने जाग्या झालेल्या अस्तराच्या पेशींचा त्यात वाटा किती, हा प्रश्न साधा वाटत असला तरी रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. त्यासाठी सुरुवात करायला मोठी यंत्रणा लागत नाही. दाखल झालेल्या रुग्णाच्या प्लेटलेट वेगळ्या काढाव्यात, त्यांना ती सहा अमिनो आम्लांची साखळी द्यावी आणि त्या किती चिकटतात ते मोजावे. ज्या प्लेटलेटचा पार-१ थ्रॉम्बिनने आधीच खर्ची पडला आहे, त्यांचा प्रतिसाद मंद असेल. दाखल होताना, प्रतिविष दिल्यावर आणि घरी सोडताना असे तीनदा मोजले, तर शरीरात थ्रॉम्बिनचा पूर केव्हा ओसरला हे नळीतल्या रक्तापेक्षा आधी कळते का, ते पडताळता येईल.