मौद्याचा कोळसा आणि शेवटचे सागरी विंचू

नागपूरहून भंडारा रोडने निघाले की मौद्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. केंद्राची क्षमता २,३२० मेगावॅट. अशा केंद्रांत जळणारा भारतातला बहुतेक दगडी कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे सुमारे तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींचा आहे. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडांची ती जंगले होती. तशाच जंगलांतल्या पाण्यात शेवटचे सागरी विंचू वावरले.

नाव तसे फसवे. युरिप्टेरिड हे खरे विंचू नव्हेत, विंचू-कोळ्यांचे लांबचे भाऊबंद. पुढे त्यांच्यातले बरेच जण समुद्र सोडून नद्या-तळ्यांत शिरले. अमेरिकेत सापडलेला पहिला जीवाश्म १८१८ मध्ये चक्क मासा समजला गेला. १८२५ मध्ये जेम्स डी के यांनी ती चूक दुरुस्त केली. जर्मनीत मिळालेली एका जातीची खेकड्यासारखी नांगी ४६ सेंटिमीटरची आहे. त्यावरून तो प्राणी अडीच मीटरचा, माणसाहून लांब असावा.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये थिओडोर गावाजवळ १९९०च्या दशकात एक तुकडा मिळाला. तो संग्रहालयात वर्षानुवर्षे पडून होता. २०२० मध्ये त्याची ओळख पटली: वुडवर्डॉप्टेरस, मीटरभर लांबीचा, गोड्या पाण्यातला, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्ञात सागरी विंचवांतला हा सर्वांत अलीकडचा. त्यानंतर लगेचच झालेल्या महासंहारात हा वंश संपला.

त्या वेळी भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते. मौद्याशेजारच्या कामठीच्या नावाने ओळखले जाणारे वालुकाश्मही साधारण त्याच काळातले. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातून जमवलेल्या वनस्पती-जीवाश्मांचे वर्णन १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती, सागरी विंचू नव्हता. पण क्वीन्सलँडचा अनुभव पाहता शोध सोडून देण्याचे कारण नाही.

पानांचे ठसे ओळखणे सोपे: मधोमध शीर, बाजूंना जाळी. युरिप्टेरिडच्या कवचावर मात्र माशाच्या खवल्यांसारख्या अर्धचंद्राकार खुणा असतात. खाणीच्या ढिगाऱ्यात असा दगड दिसला तर तो न फोडता, जागेची नोंद करून, नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवावा.